डी ड्राइव्हमधलं शेत

तुषारला सगळं जागच्या जागी लागायचं. हा गुण की खोड, यावर त्याच्या घरात एकमत नव्हतं. आई, छायाबाई, म्हणायची, "हा लहानपणी गोट्यासुद्धा रंगवार लावून मगच झोपायचा." वडील अनंतराव कागदाच्या मिलमधून रिटायर होऊन बुऱ्हाणपुरात घर बांधून राहिले होते. ते म्हणत, "मिलमध्ये लागला असता तर स्टोअरकीपर म्हणून नाव काढलं असतं." तुषार लागला तो एका कॉलेजच्या ग्रंथालयात, सहायक म्हणून, आणि ते काम त्याला मानवलं. पुस्तकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी चिकटवून ते आपल्या खणात सरकवलं की त्याला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

संध्याकाळी घरी आल्यावर तो कॉम्प्युटरवर गेम खेळायचा, आणि खेळण्यापेक्षा जास्त वेळ ते लावण्यात घालवायचा. डी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचं एक फोल्डर. त्यात कोडी वेगळी, शर्यती वेगळ्या, लढाया वेगळ्या, गावं-शहरं वसवायचे गेम वेगळे. प्रत्येकाच्या नावापुढे साल. डेस्कटॉप मात्र सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ, एक आयकॉन दिसेल तर शपथ.

तृप्तीला पाहायला सगळे देडतलाईला गेले तेव्हा, पोहे झाल्यावर मोठ्या माणसांनी "जा, दोघं बोला जरा" म्हणून दोघांना आतल्या खोलीत पाठवलं. बोलायला काही सुचेना. तेवढ्यात तुषारची नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेली. तो चालूच होता. स्क्रीनवर इतके आयकॉन होते की मागचं चित्र नक्की कशाचं आहे ते कळत नव्हतं. फक्त एका कोपऱ्यात कुत्र्याचा कान दिसत होता.

"हे सगळे गेम तुम्ही खेळता?" त्यानं विचारलं.

"हे तर कमी आहेत," तृप्ती म्हणाली. "ते 'नवीन फोल्डर सात' दिसतंय ना, त्यात अजून आहेत. आणि 'नवीन फोल्डर सात कॉपी'मध्ये पण."

"मग पाहिजे तो सापडतो कसा?"

"सापडतो ना. हा वरचा आपला नेहमीचा. तो खालचा डोकं फिरलं की खेळायचा. आणि तो कुत्र्याच्या नाकावर आहे तो मी कधीच जिंकले नाही, म्हणून तिथं टांगून ठेवलाय."

तुषारला एकाच वेळी घाम फुटला आणि हसू आलं. परतताना गाडीत आईनं विचारलं, "कशी वाटली?" तो म्हणाला, "फार पसारा आहे तिचा." छायाबाईचा चेहरा उतरला. तेव्हा त्यानं घाईघाईनं पुढचं सांगितलं, "म्हणजे, मला पसंत आहे."

लग्नानंतर रुखवताच्या भांड्यांबरोबर टेम्पोतून तो कॉम्प्युटरही आला, गोधडीत गुंडाळून. शेजारच्या बायका म्हणाल्या, "बहू कपाट नाही आणत, मशीन आणते!" तृप्ती माहेरी शाळेत गणित शिकवायची, ती इथे एका खाजगी शाळेत शिकवू लागली. घरच्यांसमोर ती नवऱ्याला 'अहो' म्हणायची आणि खोलीचं दार लागलं की 'यार'.

खोलीत दोन कॉम्प्युटर मावेनात. मग तृप्तीच्या कॉम्प्युटरच्या डब्यातली हार्ड डिस्क काढून तुषारच्या कॉम्प्युटरमध्ये बसवायची आणि दोघांचे गेम एकत्र लावायचे, असं ठरलं. रिकामा डबा मॉनिटरसकट पलंगाखाली गेला. रविवारी सकाळी दोघं एका स्टुलावर आणि एका खुर्चीवर बसून कामाला लागले, आणि पहिल्या दहा मिनिटांत भांडण.

"हा कशात टाकू? कोड्यांत की गोष्टींत?" तुषार.

"कशातच नको. हा मी परीक्षेचे पेपर तपासून झाले की खेळते."

"असं फोल्डर नसतं, तृप्ती."

"का नसतं? बनव ना. 'पेपर तपासल्यावर'."

"आणि उद्या तुझ्या शाळेला सुट्टी लागली तर?"

"तर नाही खेळणार!" तिला हसू आवरेना. "तू यार गेम खेळतोस की त्यांची हजेरी घेतोस?"

तुषारनं तिच्यापुढे हात टेकले आणि 'पेपर तपासल्यावर' असं फोल्डर बनवलं. त्या बदल्यात तिनं 'नवीन फोल्डर सात' मोडायची परवानगी दिली. पुढचे कितीतरी रविवार असेच गेले. तिचे विचित्र गेम त्याला आवडू लागले, त्याच्या शर्यतींत ती त्याला हरवू लागली. छायाबाई चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "एवढा जीव लावून संसार लावा म्हणजे मिळवली." अनंतराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचे, "तोच लावून राह्यले ते."

मग एका रविवारी तृप्ती शाळेच्या सहलीबरोबर दिवसभर बाहेर गेली. तुषारनं ठरवलं, आज ती यायच्या आत उरलेलं सगळं लावून टाकू, तिला चकित करू. डिस्क भरत आली होती. काही गेम दोघांकडेही होते, ते दोनदा कशाला ठेवायचे? तो एकेक जोडी बघत गेला, नवी आवृत्ती ठेवत गेला आणि जुनी पुसत गेला. एक शेतीचा गेमही असाच दोघांकडे होता. तृप्तीची आवृत्ती फार जुनी होती. तुषारच्या नव्या आवृत्तीत खेळलेला खेळ 'डॉक्युमेंट्स'मध्ये साठत असे. त्यानं तृप्तीचं 'डॉक्युमेंट्स' उघडून पाहिलं. तिथे त्या गेमचं काही नव्हतं. म्हणजे हिनं हा नुसताच आणून ठेवलेला दिसतो, असं समजून त्यानं तो कायमचा पुसला. कचरापेटीतसुद्धा जाऊ दिला नाही. मोकळ्या झालेल्या जागेवर आपले मोठमोठे गेम आणून टाकले. संध्याकाळपर्यंत एकही वस्तू बेवारस राहिली नव्हती. तो मागे रेलून स्क्रीनकडे नुसता बघत बसला.

तृप्ती आली ती उन्हानं काळवंडून आणि घसा बसवून. "बघ!" तो म्हणाला. तिनं खरंच कौतुक केलं. "अरे वा! मस्त!" एकेक फोल्डर उघडून पाहत गेली. मग थांबली.

"आबांचं शेत कुठं ठेवलंस?"

"कुठलं शेत?"

"शेतीचा गेम रे. आबांचा."

"तो आहे ना, 'गावं-शहरं'मध्ये. नवी आवृत्ती ठेवली आहे." त्यानं उघडून दाखवला. गेमनं विचारलं, नवीन खेळ सुरू करायचा का? खाली जुन्या खेळाची जागा रिकामी होती.

"हा नाही. माझ्यातला."

जुन्या आवृत्तीत खेळलेला खेळ गेमच्याच फोल्डरमध्ये साठायचा, 'डॉक्युमेंट्स'मध्ये नाही, हे तुषारच्या आत्ता ध्यानात आलं. "तृप्ती, मी तो... मला वाटलं तू कधी खेळलीच नाहीस."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि छायाबाईच्या हातातलं लाटणं घेऊन पोळ्या लाटायला लागली. ती ओरडली असती तर तुषारला सोपं गेलं असतं.

जेवणं झाल्यावर गच्चीवर कपडे काढताना तिनं सांगितलं. तिचे वडील कौतिकराव, सारी हयात केळीच्या बागेत गेलेला माणूस, खकनारच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी रॉड घालून खाटेवर झोपवलं. बागेत घड कापणीला आलेले आणि हे छताकडे बघत पडलेले. रागावायचे, जेवायचे नाहीत. आई रंभाबाई रडकुंडीला आली. तेव्हा तृप्तीनं कॉम्प्युटरचं टेबल खाटेला लावलं, माऊस त्यांच्या हातात दिला आणि तो गेम उघडून दिला.

"पहिल्यांदा म्हणाले, हे काय पोराटोरांचं? मग विचारलं, यात केळी नाही का? नाही म्हटलं तर म्हणाले, मग काय कामाचं. पण मका लावला. भोपळे लावले. आणि आबांना माहीत नव्हतं की त्या गेममध्ये हिवाळ्यात बर्फ पडतो. सगळा मका एका दिवसात गेला. इतके चिडले! आईला हाक मारून दाखवलं, हे बघ, कुठला देश आहे हा! त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले." ती हसली आणि हसता हसता तिनं टॉवेलनं डोळे पुसले. "आम्ही दोघांनी केलेलं ते, तुषार. तळं, गोठा, सगळं. ते चालायला लागले तरी मी तसंच ठेवलं होतं."

"त्यांना माहीत आहे ते इथं आलंय?"

"पुढच्या आठवड्यात येतायत ना पाय दाखवायला. मीच फोनवर म्हटलं, आबा, या, तुमचं शेत बघून जा."

दुसऱ्या दिवशी तुषार अर्धी रजा टाकून डिस्क घेऊन इतवाऱ्याच्या बाजारात गेला. तिथे श्रीकांत नावाचा एक ओळखीचा दुकानदार पुसलेल्या फायली परत काढून द्यायचा. त्यानं डिस्क लावली, बराच वेळ स्क्रीन पाहिली आणि विचारलं, "डिलीट करने के बाद इसमें कुछ डाला क्या?"

"डाला," तुषार म्हणाला. "बहुत डाला."

"तो भाई, खेत के ऊपर मकान बना दिया आपने." त्यानं मनापासून प्रयत्न केला. चार-दोन फायली निघाल्या, नावं तुटलेली. घरी आणून तुषारनं त्या गेमला दाखवल्या, गेमनं ओळखल्या नाहीत. तृप्ती मागे उभी होती. "राहू दे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मुद्दाम थोडंच केलंस. पण आबांना सांगू नकोस. कॉम्प्युटर बिघडलाय म्हणू. त्यांना नाही सहन होणार."

तुषारला खोटं बोलायची सवय नव्हती. पण त्यानं मान हलवली. चूक त्याची होती, तेव्हा शब्द तिचा चालणार होता.

कौतिकराव आले ते धुतलेलं धोतर, पांढरी टोपी आणि खांद्याला पिशवी अशा थाटात. पाय किंचित ओढत होता. डॉक्टरांनी हाड जुळलं म्हणून सांगितलं होतं. पिशवीतून त्यांनी केळीची फणी काढून छायाबाईपुढे ठेवली आणि मग स्वतःचा भाकरीचा डबा आणि पाण्याची बाटली काढून आपल्या जवळ ठेवली.

"हे काय, व्याही?" छायाबाई म्हणाली. "आमच्या घरचं पाणी खारट आहे का?"

"तसं नाही, विहीणबाई," कौतिकराव ओशाळले. "लेकीच्या घरचं खायचं नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. नातू होऊ द्या, मंग पंगतीला बसतो. चहा चालते."

"चहात काय पाणी नसतं?" अनंतराव वर्तमानपत्राआडून म्हणाले. सगळे हसले.

कौतिकराव जावयाला फार मान देत. तुषार खोलीत आला की ते खुर्चीवरून अर्धे उठत. "बसा, जावईबापू, तुमी बसा." असा मान मिळाला की तुषारला आपण कुणाच्या तरी भिंतीवर टांगलेला फोटो आहोत असं वाटायचं. लग्नाला इतके महिने होऊन त्या दोघांत हवापाण्याच्या पुढे बोलणं गेलं नव्हतं.

चहा झाला. कौतिकराव इकडचं तिकडचं बोलत राहिले, पण डोळे सारखे कोपऱ्यात जात होते. तिथे कॉम्प्युटरवर तृप्तीनं टेबलक्लॉथ टाकून ठेवला होता.

"मशीन बंद हाये?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बिघडलंय, आबा," तृप्ती पटकन म्हणाली.

"अरे! काय झालं त्याले?"

"माहीत नाही. दुरुस्तीला टाकायचंय."

"हां." कौतिकरावांनी टोपी नीट केली. "काही हरकत नाही. मले फक्त एक डाव पाह्यचं व्हतं. चालते. पुढच्या खेपेला." आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

तुषारनं तृप्तीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी 'नको' म्हटलं. पण तो माणूस ज्या रीतीनं 'चालते' म्हणाला होता, ते त्याच्यानं बघवेना.

"आबा," तो म्हणाला. "कॉम्प्युटर चांगला आहे. तुमचं शेत माझ्या हातून पुसलं गेलं. मी आवराआवर करत होतो. मला वाटलं ते रिकामं आहे. परत आणायचा प्रयत्न केला, इतवाऱ्यात दाखवलं, पण आलं नाही. चूक माझी आहे. तृप्तीनं तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही."

तृप्ती खाली मान घालून बसली.

कौतिकरावांनी विचारलं, "पुरं गेलं?"

"पूर्ण."

"तळं बी?"

"हो."

"गोठा बी गेला?"

"सगळंच, आबा."

कौतिकरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि एक मोठा श्वास सोडला. "बरं झालं," ते म्हणाले.

"आबा!" तृप्तीनं मान वर केली.

"आता सांगतो, तुले राग येईन तर येऊ दे. ते शेत पयल्यापासून चुकलेलं व्हतं. मले तवा त्या खेळाचं काही समजत नव्हतं. मी तळं खोदलं ते घर आन शेताच्या मधोमध. रोज त्यातल्या मानसाले पूर्ण फेरा मारून जावं लागे. अर्धा दिस त्याचा चालन्यातच जाये. आन गोठा वाटेवर. मी कितीक डाव मनात म्हटलं, हे मोडून नवं मांडावं. पन तू म्हने, नको आबा, राहू द्या, हे आपन तवा केलं व्हतं. मंग मी काय म्हनू? तुले वाईट वाटू नये म्हनून त्या तळ्याले फेरे मारत राह्यलो."

"मग मला सांगायचं ना!" तृप्तीचा आवाज चिरकला. "आणि मी तुमच्यासाठी जपत होते ते. मला वाटायचं, तुम्हाला आवडतं."

"मले भोपळा बी आवडत नाही," कौतिकराव म्हणाले. "तुझ्या मायनं कवा भोपळा केला त मी जेवलो का?"

अनंतराव आधी हसले. मग तृप्तीलाही हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. तिनं ओठ घट्ट मिटले आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. कौतिकरावांनी ते पाहिलं. ते उठून तिच्याजवळ स्टुलावर जाऊन बसले. डोक्यावरून हात फिरवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, बैलाला थोपटावं तसं.

"तू बाजूले खुर्ची टाकून पोरांच्या वह्या तपासत बसे," ते म्हणाले. "मी बोलावलं की लाल पेन कानावर ठेवून उठे. एक डाव त माह्या कानावर ठेवलं व्हतं पेन, आन डॉक्टर आला त तसंच. तो म्हने, मास्तर झाले का काय तुमी!"

"मला ते आठवत नाही," तृप्ती म्हणाली.

"मले आठवते," कौतिकराव म्हणाले.

तृप्तीनं मान त्यांच्या खांद्याला टेकवली. तुषारनं टेबलक्लॉथ काढला आणि कॉम्प्युटर चालू केला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

नव्या आवृत्तीत जमीन मोठी होती, नदी होती, आणि पिकांच्या यादीत शेवटी केळी होती. कौतिकरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "हे कवा आलं?"

"नव्यात आलंय, आबा. तुमच्या जुन्यात नव्हतं."

"मंग बसा, जावईबापू. मांडा. मी सांगतो."

तुषार माऊस घेऊन बसला. कौतिकराव मागे उभे. आधी त्यांनी काहीच लावू दिलं नाही. सगळी जमीन फिरून बघितली. उतार कुठे, नदी कुठे, घराचं तोंड कुठे. "आधी वाट ठरवा. मंग पानी. पीक सगळ्यात शेवटी." पुस्तकं लावताना तुषार हेच करत असे. रॅक कुठे येणार ते आधी, पुस्तकं मग. त्याला त्या माणसाबद्दल एकदम जवळीक वाटली.

"गोठा इथं घेऊ का?" त्यानं विचारलं.

"तिथं नका घेऊ, जावईबापू. वारा घराकडं येतो... तुमी जरा डावीकडं... अजून... आता थांबा, तसं नाही... अहो, ते कुंपन आधी... अरे तुषार, तिकडं नको ना रे! पानी तुंबन तिथं!"

कौतिकरावांनी जीभ चावली. "माफ करा, जावईबापू. तोंडातून निघून गेलं."

"आबा," तुषार मागे वळून म्हणाला, "मग कुठं बांधू ते सांगा. आणि अरे-तुरेच म्हणा."

कौतिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "सरक," ते म्हणाले. "माऊस दे इकडं."

दुपार कशी गेली कळलं नाही. तृप्ती मधे बसून दोघांनाही चुकवायला लागली. ती म्हणे फुलं लावा, ते म्हणत फुलानं पोट भरते का, आणि तुषार दोघांच्या नकळत वाटेच्या कडेला फुलांची एक ओळ लावून मोकळा होई. छायाबाईनं शेवभाजी आणि पोळीची ताटं तिथेच आणून ठेवली. कौतिकराव डाव्या हातानं माऊस धरून उजव्या हातानं जेवत राहिले. दुसरी पोळी संपल्यावर ते थबकले, ताटाकडे बघितलं, मग छायाबाईकडे.

"आता खाल्लं ते खाल्लं, व्याही," ती म्हणाली. "भाजी वाढू?"

"वाढा," कौतिकराव म्हणाले.

गाडीची वेळ टळून गेली. तिन्हीसांजेला रंभाबाईचा फोन आला. तृप्तीनं स्पीकरवर घेतला. "डॉक्टर काय म्हने? आन हे अजून कसे नाही आले?"

"डॉक्टर बरं म्हणाला, आई. आबा केळी लावतायत."

"कोनाची?"

"जावयाची," कौतिकराव ओरडले. "उद्या येतो!"

त्या रात्री ते तिथेच राहिले. सकाळी निघताना बाटली त्यांनी छायाबाईकडून भरून घेतली. तृप्तीच्या हातात पिशवीतली केळीची दुसरी फणी देत ते तुषारला म्हणाले, "उद्या त्या रोपांले पानी द्यायचं विसरू नको. गेमात बी रोप वाळते."

तुषार विसरला नाही. पण ग्रंथालयात असताना कौतिकरावांचे फोन यायचे. मका उगवला का, पाऊस पडला का, घड लागला का. तो बाहेरच्या वऱ्हांड्यात जाऊन हळू आवाजात उत्तरं द्यायचा. कधी कधी ते शेताचं विचारून झाल्यावर उगाच थांबायचे आणि मग म्हणायचे, "अन् तू कसा हाये?" आपल्याला कुणी इतकं सरळ विचारलेलं त्याला आठवत नव्हतं.

एक दिवस तृप्ती म्हणाली, "रोज तू त्यांच्यासाठी खेळतोस. त्यांचं शेत त्यांनाच खेळू दे ना."

मग पलंगाखालचा रिकामा डबा निघाला. दोघांनी त्यात नवी डिस्क बसवली आणि त्यावर शेताची प्रत टाकली. या वेळी प्रती इतक्या ठिकाणी ठेवल्या की तृप्ती म्हणाली, "बस कर, आता शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर पण टाकशील." डेस्कटॉप तुषारनं लावला. त्यावर फोल्डर नव्हतं, प्रकार नव्हते, सालं नव्हती. मधोमध एकच आयकॉन, बिनचष्म्यानं दिसेल एवढा मोठा, खाली ठळक अक्षरांत 'शेत'.

सुट्टीच्या दिवशी ते दोघं देडतलाईला गेले. डबा जुन्याच टेबलावर, जुन्याच खिडकीशी लावला. कौतिकरावांनी आयकॉनवर स्वतः टिचकी मारली, शेत उघडलं, आणि ते कडेची फुलं बघून "हे कोनी लावलं?" असं गुरगुरले, पण उपटली नाहीत. तृप्ती त्यांच्या शेजारी बसली. शाळेच्या वह्या तिनं आणल्या होत्या, त्या मांडीवर घेतल्या.

रंभाबाई दाराला टेकून मघापासून बघत होती. हात पिठाचे होते. तुषार उठून बाहेर जायला लागला तसं तिनं त्याला हळूच थांबवलं.

"जावईबापू, त्याच्यात पत्त्याचा खेळ राह्यतो म्हने?"

"असतो ना, आई. पाहिजे का?"

"मले नाही येत माऊस धरता." ती आत कौतिकरावांच्या पाठीकडे बघून थोडी लाजली. "पन हे बागेत जातील तवा मशीन रिकामंच राह्यते ना."

तुषार परत टेबलाशी गेला. कौतिकरावांनी कुरकुर करत जागा दिली. तुषारनं पत्त्यांचा गेम टाकला, डेस्कटॉपवर 'शेत'च्या शेजारी दुसरा आयकॉन ठेवला, तितकाच मोठा, आणि विचारलं, "याला नाव काय देऊ?"

रंभाबाईनं पिठाचे हात पदराला पुसले, पुढे आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून त्या स्क्रीनकडे वाकून बघत म्हणाली, "माहंच लिहा."